नदीकाठच्या केबिनबद्दल

प्रिय सोन्या,

लाँग वीकेंडला सगळे टेक्सासमधल्या ग्वादालुपे नदीकाठी केबिन घेऊन राहणार आहात म्हणालास, तेव्हा मी फोनवर नुसतं बरं म्हटलं, पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही म्हणून लिहितेय. हीच ना रे ती नदी, २०२५ च्या ४ जुलैला पाऊण तासात २६ फूट चढली, कॅम्पला आलेल्या लहान लहान मुली गेल्या. तिथे रात्री सव्वा वाजता पुराची वॉर्निंग निघाली होती, पण त्या वेळी कोण जागं असतं, आणि रेंजच नसेल तर?

२२ जुलै २०२१ ला आपल्या चिपळूणला पूर आला तेव्हा तू होस्टेलवर होतास, तू पाहिलास तो नंतरचा चिखल. पावसाचा अलर्ट आपल्याकडेही होता की, पण तो अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्याला, आणि जुलैत असे अलर्ट येतच असतात, आपल्या गल्लीत पाणी किती वाजता शिरणार हे त्यात कुठे असतं. घाटात धो धो पाऊस, वाशिष्ठीला पूर, खालून भरती, कोळकेवाडी धरणाच्या पाण्यावरून तर लोक अजून भांडतात. लाइट गेलेली, मोबाइल बंद. पहाटे समोरच्या वहिनींनी पातेलं बडवलं म्हणून जाग आली, बाबांनी खाली पाय ठेवला तर घोटाभर पाणी!

तरी आम्ही अर्धा तास फ्रिज उचलत बसलो. २००५ ला पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबलं होतं, त्याच्यावर येणार नाही ही बाबांची खात्री, आणि त्या जुन्या खुणेनेच घात केला बघ. शेवटी कमरेएवढ्या पाण्यातून वहिनींच्या माडीवर गेलो. तुझे लहानपणीचे अल्बम खालीच राहिले, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता ते जोरात वाजणारे सरकारी अलर्ट येतात, २०२३ मधे टेस्टचा आला तेव्हा मी केवढी दचकले होते. चांगलीच सोय आहे, पण तू रात्री फोन बंद करून झोपतोस, मला माहितीय.

केबिन पाण्यापासून किती उंचावर आहे ते मालकाला आजच विचार. पोचल्यावर उजेडात वर चढायची वाट चालून बघा, आणि वरच्या अंगाला पाऊस असेल तर एकाने आळीपाळीने जागं राहा. पाण्याचा आवाज बदलला तर सामान, गाडी सगळं तिथेच टाकून वर पळायचं. आणि पोचलास की फोन कर, इकडे कितीही वाजले असले तरी मी उचलीन.

तुझी
आई