विस्तारकार्याचे तास आणि वस्तीची वर्षे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प व सामुदायिक सहभाग यांना श्रेयांक (क्रेडिट) मिळू लागले आहेत. मुंबईतील एका महाविद्यालयात काही वर्षे विस्तारकार्य, म्हणजे विद्यार्थ्यांनी वर्गाबाहेर वस्तीत जाऊन समाजासाठी करायचे काम, सांभाळलेली शिक्षिका म्हणून मला याचा मनापासून आनंद आहे. अध्यापन व संशोधनाच्या जोडीने विस्तार हे विद्यापीठाचे तिसरे अंग आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 1977 मध्येच मान्य केले होते. तरीही या कामाचे मोजमाप आजही विद्यार्थ्याने भरलेल्या तासांवरच होते, वस्तीच्या पदरात काय पडले यावर होत नाही.

गोवंडीतील एका वस्तीत आम्ही पाण्याची पाहणी करायला गेलो, तेव्हा एका वयस्क बाईंनी दारातच विचारले, ‘गेल्या वर्षीची मुलंही हेच लिहून घेऊन गेली, त्याचं पुढं काय झालं?’ माझ्यापाशी उत्तर नव्हते. आधीच्या तुकडीचे भरलेले तक्ते गुणांची नोंद होताच कपाटात गेले होते आणि ती मुले पदवी घेऊन बाहेर पडली होती. शिवाय पाण्याची टंचाई सर्वांत तीव्र असते ती एप्रिल-मे महिन्यांत, आणि नेमक्या त्याच वेळी परीक्षा व सुट्ट्यांमुळे आमचे काम बंद असे.

याच शहरात वेगळे उदाहरणही आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची सुरुवातच 1936 साली नागपाड्यातील वस्तीत झाली. या संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. घरातील मारहाण सोसून आलेल्या स्त्रीला पोलिसांच्याच आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्तीचा आधार मिळावा, ही त्यामागील कल्पना साधी होती. परंतु संस्था वर्षानुवर्षे ती धरून राहिली, म्हणूनच पुढे राज्य शासनाने ती स्वीकारून इतर जिल्ह्यांतही नेली. अडचणीतील मुलांसाठीची 1098 ही चाइल्डलाइन सेवादेखील 1996 मध्ये याच संस्थेच्या क्षेत्रकार्यातून उभी राहिली.

प्रत्येक महाविद्यालयाला एवढे साधणार नाही, हे मान्य. पण किमान पाच वर्षे एकच वस्ती, एका तुकडीने पुढच्या तुकडीकडे सोपवलेल्या नोंदी, आणि पाहणीचे निष्कर्ष रहिवाशांसमोर त्यांच्या भाषेत वाचून दाखवण्याचे बंधन, इतके तर विद्यापीठाला नियमाने घालून देता येईल. त्या निष्कर्षांचा महापालिकेच्या विभाग कार्यालयात पाठपुरावा करणाऱ्या शिक्षकाचा वेळ त्याच्या कार्यभारात धरला जावा, अशीही माझी विद्यापीठाला विनंती आहे; आज तो बहुतेकदा रविवारी, स्वतःच्या खर्चाने आणि एकट्यानेच हे काम करतो.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका, चेंबूर