वॉकर नको, पांगुळगाडा चालेल

संपादक महोदय,

सणासुदीच्या पुरवण्यांमध्ये ‘बाळासाठी काय घ्याल’ अशा याद्या हमखास येतात आणि त्यांत वॉकर असतोच. बारशाला आत्याकडून, अर्धवाढदिवसाला मामाकडून, नाहीतर ऑफिसातल्या मंडळींनी वर्गणी काढून, असा तो घरात येतो. रंगीत ट्रे, वाजणारी बटणं, खाली गोल कड्याला सहा-आठ चाकं. ज्या घरात रांगायच्या वयाचं बाळ आहे त्या घरात ही वस्तू असूच नये, एवढंच सांगायला हे पत्र लिहीत आहे. ओघाने इतर खेळण्यांचं आणि सामानाचंही येईल, कारण चूक सगळीकडे एकाच प्रकारची होते: वस्तू मोठ्यांच्या डोळ्यांनी निवडली जाते, बाळाच्या अंगाचा विचार करून नाही.

वॉकर चालायला शिकवतो, हा समज मुळातच खोटा आहे. वॉकरमध्ये बाळ उभं नसतं, कापडी झोळीत टांगलेलं असतं. वजन पायांवर न येता जांघेत येतं आणि बाळ चवड्यांनी जमीन ढकलत पुढे सरकतं. चालण्यासाठी लागतो तोल, आणि कुल्ल्यांच्या, मांड्यांच्या स्नायूंचा जोर. त्यांतलं काहीच इथे कामाला लागत नाही. ट्रेमुळे स्वतःची पावलंही दिसत नाहीत. पालथं पडणं, रांगणं, खुर्चीचा पाय धरून उभं राहणं, धप्पकन बसणं आणि पुन्हा उठणं हीच चालण्याची शाळा आहे. वॉकरमुळे त्या शाळेचे तास बुडतात. त्यामुळे वॉकरमधली मुलं लवकर चालत नाहीतच, काहींचं चालणं उलट लांबतं.

त्याहून मोठा प्रश्न वेगाचा. वॉकरमधलं बाळ एका सेकंदात मीटरभर अंतर सहज कापतं. आई त्याच खोलीत बसलेली असली, तिचं लक्ष असलं, तरी ती उठेपर्यंत बाळ दारापाशी पोचलेलं असतं. आपल्या घरांमध्ये न्हाणीघराची फरशी दीड-दोन इंच खाली असते, दाराला उंबरठा असतो, काही घरांत दार उघडलं की थेट जिना. पुढचं चाक त्या कडेवरून उतरलं की अख्खा वॉकर पुढे कलंडतो आणि बाळ डोक्यावर आपटतं, कारण या वयात शरीराच्या मानाने डोकंच जड असतं. शिवाय वॉकरमध्ये बाळाचा हात एरवीपेक्षा वर पोचतो. टीपॉयवरचा चहा, इस्त्रीची लोंबती वायर, देवापुढची समई, सगळं हाताशी येतं.

१९९० ते २०१४ या २५ वर्षांत अमेरिकेत वॉकरच्या दुखापतींमुळे १५ महिन्यांखालची २ लाख ३० हजारांहून अधिक मुलं रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आणावी लागली. त्यांतली सुमारे तीन चतुर्थांश जिन्यावरून पडलेली होती आणि दहातल्या नवांहून अधिक मुलांना मार लागला होता तो डोक्याला किंवा मानेला. तिथे २०१० मध्ये वॉकरसाठी कडक मानक सक्तीचं झालं, दुखापती कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. कॅनडाने २००४ मध्येच वॉकरची विक्री, आयात आणि जाहिरात बंद केली. आपल्याकडे मात्र तो आजही खेळण्यांच्या दुकानात दर्शनी भागात टांगलेला असतो.

वॉकर घेतला जातो त्यामागची खरी अडचण मान्य करायलाच हवी. आईला अंघोळ करायची असते, पोळ्या लाटायच्या असतात, आणि बाळ तेवढा वेळ एका जागी रमायला हवं असतं. पण त्यासाठी चाकांची काय गरज? फरशीवर सतरंजी, भोवती जाळीचं किंवा गजांचं कुंपण, आत दोन-तीन खेळणी एवढं पुरतं. जिन्यापाशी किंवा स्वयंपाकघराच्या दाराला फाटक लावता येतं. दोन गजांमधलं अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे धड निसटून डोकं अडकायचं नाही. जिन्याच्या वरच्या टोकाचं फाटक भिंतीत स्क्रूनेच बसवा. नुसत्या दाबावर अडकणारं फाटक बाळ अंगावर रेलल्यावर सुटू शकतं, आणि मग बाळ फाटकासकट खाली जातं.

आणि चालण्याच्या सरावासाठी आपल्याकडे पांगुळगाडा पिढ्यान्‌पिढ्या आहे. तो आणि वॉकर एक नव्हेत. पांगुळगाड्यात बाळ बसत नाही. ते मागे उभं राहून स्वतःच्या पायांवर वजन घेतं आणि गाडा ढकलतं. थकलं की आपलं आपण खाली बसतं. मात्र तोही बाळ आधाराने स्वतःहून उभं राहायला लागल्यावरच द्यायचा, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत नऊ-दहा महिन्यांनंतर. दुकानात एक गोष्ट करून बघा: दांडीवर तळहाताने खाली दाब द्या. पुढचं चाक उचललं गेलं तर बाळ त्या दांडीला धरून उठताना गाडा अंगावर येणार. असा हलका गाडा घरात असेल तर पुढच्या बाजूला, चाकाजवळ, दोन किलो तांदळाची पिशवी घट्ट बांधा. गुळगुळीत टाइल्सवर लाकडी चाकं भरकन पळतात; सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चाकावर चढवली की गाडा बाळाच्या पावलाच्या वेगाने चालतो. तीन चाकांचा गाडा वळताना कुशीवर पडतो, म्हणून पुढची दोन चाकं एकमेकांपासून लांब असलेला चार चाकी जास्त चांगला. दांडी बाळाच्या छातीच्या खाली, बेंबीच्या वर असावी. खिळ्यांची डोकी आणि चिरफळ्या बोटाने चाचपून बघा.

आता तोंडात जाणाऱ्या वस्तूंबद्दल. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची मापं जगभर एका छोट्या नळकांड्याने तपासतात. त्याचा आतला व्यास ३१.७ मिलिमीटर असतो आणि तळ तिरपा, त्यामुळे खोली एका बाजूला २५ आणि दुसऱ्या बाजूला ५७ मिलिमीटर. न दाबता जे त्यात पूर्ण मावतं ते घशात अडकू शकतं. हे नळकांडं घरी पाच मिनिटांत होतं. जाड पुठ्ठ्याची १० सेंटिमीटर लांब आणि साडेपाच सेंटिमीटर रुंद पट्टी कापा, कडेला कड भिडवून गोल करा, बाहेरून चिकटपट्टी लावा. व्यास जवळपास तेवढाच भरतो. मग घरातली सगळी खेळणी, आणि खेळण्यांचे सुटू शकणारे भागही, एकेक करून त्यात टाकून बघा: बाहुलीचे डोळे, गाडीची चाकं, खुळखुळ्यातले मणी, मणगट्यांचे काळे-पांढरे मणी, वाळ्यांची घुंगरं. चेंडूला याहून कडक माप लावा, कारण गोल वस्तू घसा बुचासारखा बंद करते आणि बाजूने हवा जायला फटच राहत नाही. साडेचार सेंटिमीटरपेक्षा लहान चेंडू किंवा गोटी या वयाला नको. फुटलेल्या फुग्याचे तुकडे तर दिसले की लगेच उचला. ते घशाला चिकटून बसतात आणि पाठीत थोपटूनही निघता निघत नाहीत.

बोरन्हाणाचा उल्लेख इथे करायलाच हवा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी बाळाच्या डोक्यावरून बोरं, हरभरे, शेंगा, गोळ्या, चुरमुरे ओततात. भोवती जमलेली दोन-तीन वर्षांची पोरं ते वेचून तोंडात घालतात. शेंगदाणा आणि हरभरा श्वासनलिकेत जाऊन बसण्यात कुप्रसिद्ध आहेत. सोहळा जरूर करा, पण त्यात चुरमुरे, फुलांच्या पाकळ्या आणि मोठ्या वेष्टनातली बिस्किटं वापरा. खाली चादर अंथरली की एका झटक्यात सगळं गोळा करता येतं.

सगळ्यात घातक वस्तू मात्र चमकदार आणि शांत असते: बटण सेल, म्हणजे नाण्यासारखा छोटा चपटा सेल. वाजणारी खेळणी, गाणारी शुभेच्छापत्रं, नकली दिवे, रिमोट, वजनकाटे, सगळीकडे तो आहे. २० मिलिमीटर व्यासाचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला की ओल्या भिंतीतून विद्युतप्रवाह वाहू लागतो. त्याच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांच्या आतच ऊतक गंभीर जळू शकतं. मूल नुसती लाळ गाळतं, जेवत नाही, किंवा काहीच लक्षण दाखवत नाही. शंका आली तरी थांबायचं नाही, एक्स-रे निघेल अशा रुग्णालयात थेट जायचं. उलटी करवायची नाही, खायला-प्यायला द्यायचं नाही. बाळ वर्षाच्या पुढचं असेल, गिळता येत असेल आणि सेल गिळून १२ तास झाले नसतील, तर वाटेत दर १० मिनिटांनी दोन चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा, देता येतो. त्याने इजा मंदावते. पण मधासाठी दुकान शोधत थांबू नका. वर्षाखालच्या बाळाला मध मुळीच नाही. खेळणं घेताना सेलचं झाकण नखाने उघडतं का ते बघा. उघडलं तर ते परत ठेवा. झाकण स्क्रूने बंद असायलाच हवं. हीच काळजी चुंबकांची: दोन चुंबक वेगवेगळ्या वेळी गिळले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांना मध्ये चिमटून धरतात आणि भोक पाडतात. पाण्यात फुगणारे रंगीत मणी पोटात गेल्यावरही फुगतच राहतात. ते लहान मूल असलेल्या घरात नकोतच.

१ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. साध्या खेळण्यांना आयएस ९८७३ आणि विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४ हे मानक लागतं. नुसतं चिन्ह बघून समाधान मानू नका. त्याच्याजवळ ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा, तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोफत ॲपमध्ये टाकला की उत्पादकाचं नाव आणि उत्पादन समोर येतं. डब्यावरच्या नावाशी ते जुळलं पाहिजे. ‘सीई’ ही युरोपीय चिन्हाची अक्षरं आपल्या कायद्यापुरती कामाची नाहीत. हस्तकला आयुक्तालयाकडे नोंदलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांना, उदाहरणार्थ कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या, या सक्तीतून सूट आहे, म्हणून चिन्ह नाही एवढ्यावरून लाकडी खेळणं नाकारू नका. पांढरा सुती रुमाल ओला करून रंगावर जोरात घासा. रंग उतरला तर घेऊ नका. (न उतरणाऱ्या रंगातही शिसं असू शकतं, ते घरी कळत नाही.) दोरीने ओढायचं खेळणं दीड वर्षाखालच्या बाळासाठी असेल तर दोरी २२ सेंटिमीटरपेक्षा लांब नको.

झोपण्याच्या सामानात सर्वांत अनावश्यक वस्तू म्हणजे उशी. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देण्याची पद्धत आपल्याकडे घट्ट रुजली आहे, पण वर्षाखालच्या बाळाला कुठलीच उशी नको: नाक त्यात रुतलं की बाळाला मान वळवून सोडवून घेता येत नाही. पाठीवर, घट्ट आणि सपाट गादीवर झोपवा. गादी आणि पाळण्याच्या कडेमध्ये दोन बोटांपेक्षा जास्त फट नको. साडीच्या झोळीत बाळ गुंडाळलं जातं आणि हनुवटी छातीला टेकते, श्वासाची वाट अरुंद होते. म्हणून झोळी समोर बसून झोका देण्यापुरती ठीक, रात्रभराची नाही. बाळ पालथं पडायला लागलं की ती काढून ठेवा.

गाडीचं थोडक्यात. दुचाकीवर नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट, चालवणाऱ्याच्या खांद्यांना जोडलेला सुरक्षापट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. स्कूटरवर पुढे उभं केलेलं पोर अचानक ब्रेक लागल्यावर हँडलवर आदळतं. मोटारीतली मागे तोंड करून बसवायची खुर्ची एअरबॅग सुरू असलेल्या पुढच्या सीटवर कधीही नको. पट्टा आवळल्यावर खांद्याजवळ तो चिमटीत धरता आला, तर अजून सैल आहे.

या याद्या छापताना प्रत्येक वस्तूपुढे वय महिन्यांत लिहावं आणि वॉकर यादीतून वगळावा, अशी आपल्याला विनंती आहे. ज्यांच्या माळ्यावर जुना वॉकर पडून असेल त्यांनी तो कोणाला ‘वापरा तुम्ही’ म्हणून देऊ नये. स्क्रू काढून चाकं वेगळी करा, बैठकीचं कापड कात्रीने कापा, आणि मगच भंगारात घाला. अख्खा दिला तर दुसऱ्या घरात तो पुन्हा उभा राहील.

आपला विश्वासू,
एक वाचक, सांगली