कुलूप कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विजेच्या आणि गॅसच्या बिलाचा अंदाज घरबसल्या कसा बांधावा, हे शिकवणारे आपल्या रविवारच्या पुरवणीतले पान वाचले. एकदा नुसते वाचले, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. लेखकाने मेहनत घेतली आहे, त्याबद्दल आभार. पण एसी 24 अंशांवर ठेवा आणि पाइपगॅसच्या मीटरचे आकडे दर महिन्याला टिपून ठेवा, हे सल्ले सेलूच्या वाचकाने कुठे वापरायचे? आमच्या गल्लीत एसी एका डॉक्टरांकडे आहे आणि गॅस टाकीतून येतो, तोही हाताला लागला तर.

आधी एक चूक सांगतो. चौकटीत छापले आहे, '1,000 वॅटची शेगडी तासभर चालली की एक किलोवॅट वीज जळते.' एक युनिट जळते. माझे साडू परळीच्या थर्मलमधून निवृत्त झाले. ते म्हणतात, किलोवॅट म्हणजे नळाची धार आणि युनिट म्हणजे भरलेला हंडा. बिल हंड्याचे येते. एवढा फरक न कळता पानभर शिकवणी घेणे म्हणजे जरा जास्तच झाले.

बाकी वॅट गुणिले तास भागिले हजार, हे बरोबर. मी मोंढ्यात अडतीवर मुनीम होतो, आकड्यांना भीत नाही. आमचा कूलर 180 वॅटचा, मे महिन्यात चौदा तास चालतो, म्हणजे महिन्याला 75 युनिट. 75 वॅटचे दोन पंखे पंधरा तास, ते 67. फ्रिज दिवसाला युनिटभर खातो. पाण्याची मोटार, दिवे, टीव्ही धरून मे महिना 190 च्या आसपास जातो. हा अंदाज माझा कधी दहा युनिटांपलीकडे चुकलेला नाही.

आता गंमत ऐका. यंदा मार्च, एप्रिल, मे असे तीन महिने आमचे रीडिंगच झाले नाही. बिलावर मीटरची स्थिती काय, तर 'लॉक'. म्हणजे घराला कुलूप होते! संपादक महोदय, माझी आई चार वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली आहे. आमच्या दाराला या चार वर्षांत एक दिवस कुलूप लागलेले नाही. आणि मीटर घरात नाहीच, वीज कंपनीनेच तो बाहेरच्या भिंतीवर, रस्त्याकडे तोंड करून बसवला आहे. शाळेत जाणारी पोरेसुद्धा त्यातले आकडे मोठ्याने वाचत जातात. बायको म्हणाली, "ते कुलूप कुठंय, मला तरी दाखवा. किल्ली सापडना झालीय."

तीन महिने हिवाळ्याच्या हिशोबाने 70 युनिटांची सरासरी लावली. शेजारी म्हणाले, नशीबवान आहात. मी गप्प, कारण मीटरवर काय साचतेय ते मला रोज दिसत होते. जूनमध्ये माणूस आला, त्याला कुलूप दिसले नाही. चार महिन्यांचे 620 युनिट निघाले. त्यातले 210 वजा केले आणि उरलेले 410 एकट्या जूनच्या डोक्यावर टाकले.

इथे आपल्या लेखकाने सांगायला हवे होते ते राहून गेले. शंभरच्या वर गेलो की सगळेच युनिट महाग होतात, असा आमच्या गल्लीत अर्ध्या लोकांचा समज आहे. तसे नसते. महिन्याचे पहिले शंभर पहिल्याच दराने, 101 ते 300 दुसऱ्या दराने, तो दर पहिल्याच्या दुपटीहून जास्त. तीनशेच्या पुढचा पहिल्याच्या जवळपास तिप्पट. म्हणून किती युनिट जळले याइतकेच ते कोणत्या महिन्यात मोजले, यालाही महत्त्व आहे. माझे 620 चार महिन्यांत वाटले तर पहिल्या टप्प्यात 400 आणि दुसऱ्यात 220. तिसऱ्याशी माझा संबंधच येत नाही. त्यांनी केले ते असे: पहिल्यात 310 (आधीचे 210 आणि जूनचे 100), दुसऱ्यात 200, तिसऱ्यात 110. त्यावर 16 टक्के वीज शुल्क, तेही या फुगलेल्या रकमेवर. हजाराच्या आसपास फटका बसला, वीज एक युनिटही जास्त न जाळता.

हिशेबपट्टी करून कार्यालयात गेलो. खिडकीवरचा मुलगा अदबशीर होता. म्हणाला, "काका, आम्ही नाही करत हो हे, कॉम्प्युटरच करतंय." दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंगला. तिसऱ्या दिवशी साहेब होते, त्यांनी पट्टी वाचली, मान हलवली आणि "आधी भरून टाका, पुढच्या बिलात बघू" म्हणाले. मोंढ्यात एखाद्या शेतकऱ्याला मी असे म्हणालो असतो तर त्याने कापसाची गाडी माघारी वळवली असती. माझ्याकडे वळवायला दुसरे दुकान नाही. शेवटी लेखी अर्ज दिला, पोच घेतली, एकोणीस दिवसांनी बिल दुरुस्त होऊन आले. दुरुस्ती अगदी माझ्या पट्टीप्रमाणे, त्याबद्दल खरोखर समाधान आहे. फक्त तोवर भरण्याची मुदत उलटून गेली होती, म्हणून सव्वा टक्का विलंब आकार लावला. उशीर कुणाचा, ते त्या रकान्यात लिहायला जागा नसते.

गॅसचेही सांगूनच टाकतो. आपण लिहिता, चौघांच्या घरी टाकी दीड महिना पुरते. आम्ही लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहितो. एरवी 41 दिवस जाते, मागची 33 दिवसांत संपली. पुढची आली तेव्हा वजन करून दे म्हणालो. पोरगा म्हणतो, "मामा, काटा गोदामातच राहिला." टाकी वजन करून मागणे ग्राहकाचा हक्क आहे, काटा त्याच्याजवळ असायलाच हवा. मी सील न फोडता टाकी हातगाडीवर घातली आणि थेट आमच्या जुन्या अडतीवर नेली. वजन भरले 28.6 किलो. रिकाम्या टाकीचे वजन तिच्यावरच कोरलेले असते, ते होते 15.7. म्हणजे आत गॅस 12.9 किलो, असायला हवा 14.2. तुरीच्या पोत्यात एवढी घट आली तर आमचा हमालसुद्धा मालकाला तोंडावर बोलतो. एजन्सीवाल्याने काट्याची पावती पाहिली आणि एक शब्द न बोलता टाकी बदलून दिली, वर चहा पाजला. घरी आणून पोचवण्याचे म्हणून पावतीबाहेर तीस रुपये मात्र त्या दिवशीही सुटले नाहीत, आणि टाकी तर मीच ढकलत आणली होती.

एवढे छापले तर बरे. नाही छापले तरी निदान ती किलोवॅटची चूक दुरुस्त करा, कारण नातवाने चौकट कापून वहीत चिकटवली आहे. आणि दरांचे कोष्टक एवढ्या बारीक अक्षरांत का छापता? मला आईचे भिंग घ्यावे लागले. पुढच्या वेळी एसीचा मजकूर काढा, तेवढी जागा कोष्टकाला द्या.

आपला,
एक जुना वाचक, सेलू (जि. परभणी)