माझ्या मुलीचं कोटेशन मागणाऱ्या कर्ज कंपनीस

प्रति,
व्यवस्थापक, वैयक्तिक कर्ज विभाग,
शरणपूर रोड शाखा, नाशिक

विषय : दत्तक प्रक्रियेसाठीचं अडवलेलं कर्ज आणि परत न मिळालेले २,३६० रुपये

काल संध्याकाळी तुमच्या कॉल सेंटरला सातवा फोन केला. पंचवीस मिनिटं होल्डवर ठेवून ‘तुमची फाइल क्लोज झालीय’ एवढंच सांगितलं आणि फोन ठेवून दिला. म्हणून आता लेखी.

अर्ज २ लाखांचा होता. आम्ही दोघंही नोकरी करतो, एकही हप्ता कधी चुकलेला नाही. पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, अंबडच्या कंपनीचं पत्र, सगळं पहिल्याच दिवशी दिलं. मंजुरीचा मेसेज आला. प्रोसेसिंग फी २,००० आणि जीएसटी ३६० त्याच दुपारी खात्यातून गेले. कर्ज मात्र आलं नाही, कारण ‘कर्जाचं कारण’ या रकान्यात मी खरं ते लिहिलं : दत्तक.

आम्ही साडेतीन वर्षं थांबलो होतो. ‘कारा’च्या, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी, मग गृहभेट. समाजसेविका बाईंनी स्वयंपाकघरापासून गच्चीच्या कठड्यापर्यंत घर पाहिलं. त्या गृहभेटीच्या अहवालाची मुदत तीन वर्षं असते, ती संपली म्हणून तेही पुन्हा करून घेतलं. मग एके सकाळी पोर्टलवर चौदा महिन्यांच्या मुलीचा फोटो आणि तब्येतीचा अहवाल आला. होकार कळवायला ४८ तास असतात. आम्ही दहा मिनिटांत कळवला.

पैसे कशाला लागतात, हे तुमच्या माणसाला मी तीनदा सांगितलं. संस्थेची फी सरकारी नियमांनी ठरलेली आहे, तिची पावती मिळते, वर देणगी घ्यायला बंदी आहे. गृहभेटीचे ६,००० रुपये आम्ही आधीच भरले होते. कर्ज हवं होतं ते बाकीच्या खर्चाला : परराज्यातला प्रवास, तिथला आठवड्याचा मुक्काम, डॉक्टर, आणि मुख्य म्हणजे माझी चार महिन्यांची बिनपगारी रजा.

आता त्या शुक्रवारचा फोन. तो रेकॉर्ड होतो असं तुम्हीच सुरुवातीला ऐकवता, तर काढून ऐका. मी सातपूरला बसमध्ये उभी होते. तुमचा माणूस म्हणाला, ‘मॅडम, बाळाचा जन्मदाखला अपलोड करा.’ मी सांगितलं, आमच्या नावाचा दाखला दत्तक आदेशानंतर मिळतो, तो आदेश जिल्हाधिकारी देतात, आत्ता कुठून आणू? तो म्हणाला, ‘मग तिकडून कोटेशन घ्या.’ मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. ‘कसलं कोटेशन?’ ‘बाळाचं. किती पडतंय ते लेटरहेडवर लिहून आणा, व्हेंडरचा शिक्का हवा. गाडीच्या लोनला शोरूमचं घेतो ना, तसं.’ मी काही बोलले नाही. त्यावर म्हणाला, ‘नाहीतर कारण बदला. लग्न टाका, मेडिकल टाका, आजच पास करतो.’

मी बसमधून उतरले. पुढच्या दोन बस सोडल्या.

मुलाची खरेदी-विक्री हा बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ८१ खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपये दंड. सरकारी वाटेने, साडेतीन वर्षं रांगेत उभं राहून आई होणाऱ्या बाईला तुमची कंपनी मुलीचा भाव विचारते आणि वर खोटं लिहायला सांगते. तुमची शाखा शरणपूर रोडवर आहे. गुलामीच्या बाजारातून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ज्या शरणपुरात ठेवून शिकवलं, ते हेच. त्या रस्त्यावर बसून मुलीचं कोटेशन मागितलं गेलं, याची मला या शहराची म्हणून लाज वाटली.

कारण बदललं नाही, म्हणून कर्ज नाही. शेवटी आईच्या पाटल्या पतसंस्थेत गहाण ठेवल्या. आईला त्या हातातून काढताना साबण लावावा लागला, चाळीस वर्षांत त्या निघाल्या नव्हत्या. तिथल्या मॅनेजरनी कारण विचारलं, मी सांगितलं, त्यांनी पावती फाडली आणि म्हणाले, ‘नीट जाऊन या, ताई.’ पतसंस्था छोटी आहे. तुमच्या जाहिराती द्वारका चौकातल्या होर्डिंगवर असतात. पहिल्या स्कूटीचं कर्ज मी तुमच्याकडूनच घेतलं होतं, म्हणून तुमच्याकडे आले होते.

मला माझे २,३६० रुपये परत हवेत. जे कर्ज दिलंच नाही, त्याची फी कसली ठेवून घेता? त्या शुक्रवारच्या बोलण्याबद्दल लेखी माफी हवी, आणि तुमच्या ॲपमधल्या कारणांच्या यादीत ‘दत्तक’ हवं. माझ्यानंतर जी बाई अर्ज करेल, तिला कोणी व्हेंडर विचारू नये. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करीन, तिथून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. आणि हो, ते २,३६० रुपये. ते मी सोडणार नाही.

उत्तर लेखी पाठवा. फोन करू नका, दुपारी ती झोपलेली असते.

आपली ग्राहक,
इंदिरानगर, नाशिक