पोकरमध्ये पानांइतकीच जागाही मोलाची

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

पोकर हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, या वादावर गेल्या काही वर्षांत बरेच लिहिले गेले. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला नशिबाचा खेळ ठरवले. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या जुगारविषयक कायद्याने मात्र ब्रिज आणि रमीच्या जोडीने पोकरलाही जुगाराच्या व्याख्येबाहेर ठेवले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने तर पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला ठेवला. या सगळ्या चर्चेत कोणाला कोणती पाने आली हे सांगितले जाते. तो खेळाडू टेबलावर कुठे बसला होता आणि त्याची पाळी कितवी होती, हे बहुधा कोणी सांगत नाही. माझ्या मते वादाचे मूळ तिथेच आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

टेक्सास होल्डेम या सर्वाधिक प्रचलित प्रकारात प्रत्येकाला दोन बंद पाने मिळतात आणि पुढे मधोमध पाच सामाईक पाने उघडली जातात. आधी एकदम तीन, मग एक, मग आणखी एक. वाटणाऱ्याच्या जागेपुढे एक गोल चकती असते, तिला बटण म्हणतात. बटणाच्या डावीकडच्या दोघांना पाने पाहण्याआधीच ठरावीक रक्कम पुढे ठेवावी लागते. ते स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड. रक्कम लावण्याच्या पहिल्या फेरीत बिग ब्लाइंडच्या डावीकडच्या खेळाडूपासून पाळी सुरू होते, मात्र सामाईक पाने उघडू लागल्यानंतरच्या तिन्ही फेऱ्यांत बटणाच्या डावीकडून सुरुवात होते आणि बटणवाला सर्वांत शेवटी बोलतो, म्हणजे रक्कम लावायची की पाने टाकायची ते सांगतो. डाव संपला की बटण एक जागा डावीकडे सरकते. म्हणजे नऊ जणांच्या टेबलावर नऊ डावांत प्रत्येकाला प्रत्येक जागा एकेकदा मिळतेच. पाने कोणाला कशी येतील ते सांगता येत नाही, पण जागा नियमानेच सर्वांना सारखी वाटून दिलेली आहे. तिचा उपयोग मात्र सगळे सारखा करत नाहीत, आणि त्या फरकाला नशीब म्हणता येणार नाही.

मेंढीकोट खेळत वाढलेल्यांना हे समजायला जड जाऊ नये. मे महिन्याच्या सुट्टीत माजघरात डाव रंगला असताना मी दुसऱ्याच पाळीला उत्साहाने दश्शी, म्हणजेच मेंढी, टाकून मोकळा झालो की आजोबा हात धरून सांगत, “मेंढी शेवटच्या हाताने टाकावी रे, तिघांची पाने पाहिल्याशिवाय ती आपल्या भिडूच्या हातात पडते की शत्रूच्या, हे तुला कसे कळणार?” शेवटच्या भिडूला अंदाज करावा लागत नाही, त्याला दिसत असते. पोकरमध्ये बटणाचे मोल याच कारणाने आहे.

एक उदाहरण देतो. समजा, नऊ जणांच्या टेबलावर तुम्हाला एक्का आणि दश्शी आली. तुमची पाळी सर्वांत आधी असेल, तर तुमच्यानंतर आठ जण बोलायचे आहेत. त्यांच्यापैकी किमान एकाकडे तुमच्यापेक्षा सरस पाने, म्हणजे एक्का-राजा किंवा गुलाम, राणी, राजा, एक्का यांपैकी एखादी जोडी असण्याची शक्यता सुमारे पाचांत एक इतकी निघते. तीच पाने बटणावर आली आणि आधीच्या सहा जणांनी पाने टाकून दिलेली असली, तर मागे उरतात फक्त दोन ब्लाइंड, आणि तीच शक्यता विसांत एकाच्या आसपास येते. पाने तीच, पण पहिल्या जागेवरून ती बहुतेक वेळा टाकून द्यावी लागतात आणि शेवटच्या जागेवरून त्यांच्यावर बोली वाढवता येते. नवशिक्याला मात्र एक्का दिसला की तो सोडवत नाही.

सामाईक पाने उघडल्यावर हा फरक अधिकच जाणवतो. हातात बदामाची दोन पाने आहेत आणि उघडलेल्या तिनांतही दोन बदाम आहेत, असे धरू. आणखी एक बदाम आला की पाच बदामांचा जोरदार हात बनतो. न दिसलेल्या ४७ पानांत नऊ बदाम उरतात, म्हणजे पुढचेच पान बदाम निघण्याची शक्यता सुमारे १९ टक्के आहे. तुम्ही शेवटी बोलणारे असाल आणि समोरच्याने ‘चेक’ म्हटले, म्हणजे रक्कम न लावता पाळी पुढे दिली, तर तुम्हीही ‘चेक’ म्हणून पुढचे पान फुकट पाहू शकता. तुम्ही आधी बोलणारे असाल, तर ‘चेक’ म्हटल्यावर समोरचा किती रक्कम लावील हे तुमच्या हातात राहत नाही. कदाचित त्या पानासाठी अर्ध्या पॉटएवढी, म्हणजे मधोमध जमलेल्या रकमेच्या निम्मी, किंमत मोजावी लागेल. पॉट किती मोठा होऊ द्यायचा, हे ठरवण्यात शेवटी बोलणाऱ्याचा शब्द असा बराच चालतो.

ब्लाइंडच्या जागांबद्दल एक गैरसमज असतो. बिग ब्लाइंडला पहिल्या फेरीत शेवटची पाळी मिळते, त्यामुळे ती जागा चांगली, असे पुष्कळांना वाटते. पण पुढच्या तिन्ही फेऱ्यांत त्याला बटणवाल्याच्या आधी बोलावे लागते, आणि मोठ्या रकमा तिथेच लागतात. म्हणूनच मुरलेले खेळाडूही दीर्घकाळात या दोन जागांवर तोट्यातच असतात. तो कमीत कमी ठेवणे हेच त्यांचे कसब.

या मुद्द्याचा सर्वांत बोलका दाखला नॉर्वेच्या ॲनेट ओब्रेस्टाड हिने दिला. २००७ मध्ये १८० खेळाडूंच्या एका ऑनलाइन स्पर्धेत तिने स्वतःची पाने झाकून ठेवली आणि सबंध स्पर्धेत एकदाच पाहिली. आपली जागा आणि समोरच्यांचे वागणे, एवढ्याच भांडवलावर ती स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी लंडनमध्ये झालेल्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर युरोपची मुख्य स्पर्धाही तिने वयाच्या अठराव्या वर्षी जिंकली.

नशीब नाहीच, असे मी म्हणत नाही. एका रात्रीत पाने कोणालाही तारतात किंवा बुडवतात. आमच्या सोसायटीत शनिवारी संध्याकाळी सहा-सात निवृत्त मंडळी पोकर खेळतात. पैसा लावायचा नाही, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम आहे. प्रत्येकापुढे शंभर चिंचोके असतात आणि बटण म्हणून कॅरमचा जुना स्ट्रायकर फिरतो. पहिले वर्षभर मी राजा-गुलाम हाती आला की कुठल्याही जागेवरून खेळत असे आणि नऊ वाजेपर्यंत माझे चिंचोके संपत. मग एका मित्राच्या सांगण्यावरून पाने उचलण्याआधी स्ट्रायकर कोणापुढे आहे ते पाहण्याची सवय लावून घेतली. पाने पूर्वीसारखीच येतात, पण आता बहुतेक शनिवारी मी शेवटपर्यंत टेबलावर असतो.

आपल्याला एक विनंती आहे. बुद्धिबळाचा डाव छापताना पांढरी मोहरी कोणाची होती हे आपण न चुकता देता. पोकरच्या एखाद्या डावाविषयी छापताना बटण कोणापुढे होते, टेबलावर किती जण होते आणि कोण कोणाच्या आधी बोलले, एवढे तीन तपशील पानांच्या जोडीने द्यावेत. त्यांच्याशिवाय तो डाव बरा खेळला की वाईट, हे जाणत्या वाचकालाही सांगता येत नाही.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे