तलावाची नोंद पावसाळ्यातही व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, तेव्हा नवेगावबांधच्या पाळीवर दुर्बिणी घेतलेली तरुण मंडळी दिसतात, याचा मला मनापासून आनंद वाटतो. परंतु गोंदिया जिल्ह्यातील या माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारी काळातील, तलावाच्या काठी अनेक वर्षे फिरणारा वाचक म्हणून सांगावेसे वाटते की, हिवाळ्यात पक्ष्यांना येथे काय खायला मिळणार हे पावसाळ्यात पाण्यात काय उगवले यावर ठरते, आणि नेमकी त्या दिवसांची नोंद फारशी कोणी ठेवत नाही.

आषाढात पाणी चढू लागले की उथळ भागात देवधान, म्हणजे रानटी भात, उभे राहते, त्याच्या पुढे कुमुदाची पाने पसरतात आणि आणखी आत हायड्रिलासारख्या बुडीत वनस्पती वाढतात. कमळपक्षी त्या तरंगत्या पानांवरच अंडी घालतो. ती उबवून पिले वाढवण्याचे काम नर करतो. सारसाची जोडी याच सुमारास तलावाच्या कडेला किंवा लगतच्या धानाच्या बांधीत गवताचा ढीग रचते आणि बहुधा दोनच अंडी घालते. पुढे देवधानाचे दाणे पाण्यात गळतात, ते बदकांच्या कामी येतात. वारकरी पक्षी तर मुख्यतः बुडीत वनस्पतींवर गुजराण करतो.

असे असताना काही तलावांत काठ बेशरमच्या झुडपांनी व्यापले आहेत, पाणवनस्पती फस्त करणारा ग्रास कार्प मासा सोडला जातो आणि उन्हाळ्यात गाळ काढताना यंत्राने तळ सरसकट खरवडला गेला की वनस्पतींचे कंदही त्याबरोबर निघून जातात. गाळ काढणे गरजेचे आहे, हे शेतकरी म्हणून मला मान्य आहे. पण कोणता भाग राखायचा, हे मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना विचारून ठरवावे. कोणती वनस्पती किती पाण्यात येते आणि कोणता मासा तिच्या आडोशाने अंडी घालतो, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही.

म्हणून विनंती अशी की, तलावाकाठच्या शाळांनी ढिवरांच्या मदतीने बाराही महिने नोंदवही ठेवावी आणि आपल्या वृत्तपत्राने जिल्ह्याच्या पानावर महिन्यातून एकदा तिला जागा द्यावी. कुमुद केव्हा फुलले, देवधान कोठपर्यंत पसरले, सारसाबरोबर पिले दिसली की नाही, एवढे छापले तरी पुरेसे होईल. सारसाच्या घरट्याचे ठिकाण मात्र कृपया छापू नये. छायाचित्रांसाठी गर्दी झाली की जोडी घरटे सोडून जाण्याचा धोका असतो.

आपला,
एक वाचक, अर्जुनी मोरगाव तालुका