छोट्या कारखानदाराला दिवाळखोरीचा कायदा कधी?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या गल्लीतला सोळा मागांचा कारखाना नुकताच भंगारात गेला. भंगारवाल्याची माणसं बिडाच्या फ्रेमा घणाने फोडून काट्यावर टाकत होती. सुताचा दर चढला, कापडाला उठाव राहिला नाही, त्यातच एक व्यापारी पैसे बुडवून पसार झाला. धंद्यात हे चालायचंच. मीही यंत्रमागधारक आहे, जोखीम कळूनच माग टाकले. दरवेळी सरकारने कर्ज माफ करावं, असं मी कधीच म्हणणार नाही. न चालणारा कारखाना बंद व्हावा, त्याची शेड आणि वीजजोडणी चालवू शकणाऱ्याकडे जावी, हेच बरं.

पण मालकाचं काय? माग विकूनही कर्ज उरलं आहे आणि राहतं घर तारण आहे. कंपनी बुडाली तर भागधारकाचं नुकसान त्याने घातलेल्या भांडवलापुरतंच. शिवाय २०१६ च्या नादारी (म्हणजे कर्ज फेडता न येणं) व दिवाळखोरी संहितेने कंपन्यांना कर्जातून सुटायची वाट करून दिली. व्हिडिओकॉन कंपनीवर सुमारे ६५ हजार कोटींचे दावे होते आणि २०२१ मध्ये कंपनी कायदा न्यायाधिकरणाने ती विकत घेण्याची २,९६२ कोटींची बोली मान्य केली! पुढे अपिलात ती रद्द झाली, तो भाग वेगळा.

आमचे कारखाने एकट्याच्या नावावर चालतात. आम्हाला आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच लागू आहे. त्यात ५०० रुपये कर्ज असलं की अर्ज करता येतो, यावरून तो कोणत्या काळातला आहे ते कळावं. नव्या संहितेच्या तिसऱ्या भागात व्यक्ती आणि भागीदारी संस्थांसाठी तरतुदी आहेत. मात्र डिसेंबर २०१९ पासून त्या फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरत्या लागू आहेत. अगदी छोट्या कर्जदाराला नव्याने सुरुवात करू देणारं कलमही कागदावरच आहे. तेही उद्या लागू केलं, तरी वर्षाचं उत्पन्न ६० हजारांच्या आत आणि कर्ज ३५ हजारांच्या आत हवं. आमच्याकडचा वहिफणी कामगार, म्हणजे मागासाठी ताण्याचे धागे ओवणारासुद्धा, त्यात बसायचा नाही.

इथली तरुण पोरं रेपिअर (बिनधोट्याचे आधुनिक) माग घ्यायला धजत नाहीत, त्यांना आळशी म्हणू नका. एकदा बुडालेल्या माणसाचं पुढे काय होतं, ते त्यांनी घराघरांत पाहिलंय.

तिसरा भाग एकमालकी आणि भागीदारी उद्योगांना लागू करावा आणि या मर्यादा वाढवाव्यात. आमच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात हा प्रश्न लावून धरावा, ही विनंती.

— एक यंत्रमागधारक, इचलकरंजी